सराव परीक्षेचे मार्क आणि खऱ्या परीक्षेचे मार्क : किती विश्वास ठेवायचा?



बारावी सायन्सचं मूल घरात असलं की दर रविवारी संध्याकाळी एकच प्रश्न विचारला जातो. "आजच्या टेस्टला किती पडले?" मार्क वाढले तर घरात गोडधोड, कमी झाले तर जेवणाच्या ताटावर शांतता. नीट असो, जेईई मेन असो की आपली एमएचटी-सीईटी, वर्षभर मुलं सराव परीक्षा देतात आणि आपण त्या मार्कांवरून खऱ्या निकालाचा अंदाज बांधतो. पण हा अंदाज कितपत खरा ठरतो? आज याच विषयावर बोलू या.

हा विषय मी का निवडला, ते आधी सांगते, कारण त्यात माझी स्वतःची चूक आहे.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तालुक्याच्या गावी ज्युनिअर कॉलेजला फिजिक्स शिकवते. आमच्याकडची एक मुलगी नीटची तयारी करत होती. तिला इथे सायली म्हणू. डिसेंबरपासून मार्चपर्यंत तिने पूर्ण अभ्यासक्रमाचे सहा सराव पेपर दिले. ७२० पैकी मार्क असे : ५१२, ४७८, ५३६, ४९०, ५२४ आणि ५०२. मार्चमध्ये तिचे वडील भेटायला आले. म्हणाले, "मॅडम, बीएस्सी नर्सिंगची सीईटी वेगळी असते म्हणे. तिचा फॉर्म भरून ठेवू का? की पोरीचं मन उगाच दोन ठिकाणी होईल?" मी वहीत पाहिलं. माझी नजर थेट ५३६ वर गेली. आधीच्या वर्षांचे कटऑफ डोक्यात होते. मी म्हणाले, "काही गरज नाही. हिचं सरकारी बीएएमएसचं काम होऊन जाईल."

जूनमध्ये निकाल लागला. ४७१. सहाही सराव पेपरांपेक्षा कमी. नर्सिंगच्या फॉर्मची मुदत केव्हाच संपली होती. वडील मला एक शब्दही बोलले नाहीत. "नशीब" म्हणाले आणि चहा न घेता गेले. पण नशिबाचा वाटा त्यात होता तसा माझाही होता. सहा आकड्यांतला सर्वांत मोठा आकडा मी उचलला होता आणि त्यावर एका घराचा निर्णय उभा केला होता.

त्यानंतर मी हा विषय नीट समजून घेतला. जे कळलं ते तुमच्यापुढे ठेवते.

१) आपण नेमकं काय विचारतोय?

"सराव परीक्षेवरून खरा निकाल कळतो का?" या एका प्रश्नात खरं तर दोन प्रश्न लपलेले आहेत.

पहिला प्रश्न क्रमाचा. वर्गातल्या ४० मुलांत सराव पेपरात जी मुलं पुढे आहेत, तीच खऱ्या परीक्षेत पुढे राहतील का? याचं उत्तर बऱ्याच अंशी "हो" असं आहे. अनुभवी शिक्षकाला विचारा. वरची दहा मुलं आणि खालची दहा मुलं सहसा आपापल्या गटातच राहतात. बीएडला आपण शिकलो ते सहसंबंध हेच सांगतात.

दुसरा प्रश्न आकड्याचा. सराव परीक्षेत ५३६ पडले, तर खऱ्या परीक्षेत ५३६ पडतील का? इथे मात्र जपून बोलायला हवं.

एक साधं उदाहरण घ्या. किराणा दुकानातला काटा प्रत्येक वस्तू १०० ग्रॅम जास्त दाखवतो. त्या काट्यावर कुठली पिशवी जड आणि कुठली हलकी हे बरोबर कळेल, पण खरं वजन कळणार नाही. सराव परीक्षेचा काटा असाच असतो. क्लासने पेपर सोपा काढला तर सगळ्यांचेच मार्क वर, अवघड काढला तर सगळ्यांचेच खाली. क्रम फारसा हलत नाही, आकडा हलतो. आणि प्रवेशाचा निर्णय आपण घेतो तो आकड्यावर!

२) आकडा एवढा का हलतो?

पालकांना वाटतं, मुलाने अभ्यास केला म्हणून मार्क वाढले, मोबाईल बघितला म्हणून कमी झाले. कधी ते खरंही असतं. पण अभ्यास तेवढाच राहिला तरी मार्क हलतात. कसे ते गणिताने बघू.

नीटला १८० प्रश्न. बरोबर उत्तराला ४ मार्क, चुकीला उणे १. समजा, एका मुलाला अभ्यासक्रमातल्या ७० टक्के प्रश्नांची उत्तरं पक्की येतात आणि जे येत नाही ते तो सोडून देतो. मग सरासरीने त्याचे १२६ प्रश्न बरोबर येतील, म्हणजे ५०४ मार्क. पण पेपर काढणाऱ्याने नेमके कुठले प्रश्न निवडले, हे त्याच्या हातात नाही. कधी त्याला येणारे प्रश्न जास्त येतील, कधी न येणारे. अशा वेळी प्रमाण विचलन काढायचं सूत्र आपल्याला माहीत आहे : प्रश्नांची संख्या, येण्याची शक्यता आणि न येण्याची शक्यता यांच्या गुणाकाराचं वर्गमूळ. १८० × ०.७ × ०.३ याचं वर्गमूळ सुमारे ६. म्हणजे सहा प्रश्न इकडे किंवा तिकडे. मार्कांत साधारण २५.

याचा अर्थ काय? अभ्यास तोच, मूल तेच, मोबाईल तोच, तरीही तीन पेपरांपैकी साधारण दोन पेपरांत मार्क ४८० ते ५३० या पट्ट्यात पडतील आणि एखादा पेपर या पट्ट्याच्याही बाहेर जाईल. प्रत्यक्षात पेपर काढताना धड्यांचं वजन सांभाळलेलं असतं, त्यामुळे हा हेलकावा थोडा कमी होतो. पण त्यात झोप, घाई, एक ओळ चुकीची वाचणं हे सगळं मिळवलं की पुन्हा वाढतो.

दोन पेपरांतला फरक तर आणखी मोठा असू शकतो. एक पेपर वर गेला आणि पुढचा खाली आला, तर ३०-३५ मार्कांचा फरक सहज दिसतो. म्हणून गेल्या रविवारी ५२४ आणि या रविवारी ५०२ पडले, यावरून मुलाला बोलणी बसू नयेत. त्या २२ मार्कांत कदाचित काहीच घडलेलं नसतं.

३) सर्वांत जास्त मार्कांचा मोह

आता माझ्या चुकीकडे येऊ. सहा पेपरांतला सर्वोत्तम मार्क घेणं यात नेमकं काय चुकतं?

ज्या दिवशी मुलाला सर्वांत जास्त मार्क पडतात, त्या दिवशी अभ्यासाबरोबर थोडी अनुकूलताही असते. आवडीचे धडे जास्त आले, तीन तुक्के लागले, डोकं शांत होतं. पुढच्या वेळी अभ्यास तसाच राहतो, पण ती अनुकूलता तशीच येईल याची हमी नसते. म्हणून फार वर गेलेला आकडा पुढच्या वेळी बहुधा सरासरीकडे परततो. फार खाली गेलेला आकडाही तसाच वर येतो. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये आईवडिलांची आणि मुलांची उंची मोजून हीच गोष्ट दाखवली होती. फार उंच आईवडिलांची मुलं उंच असतात, पण सरासरीने आईवडिलांइतकी नाही. संख्याशास्त्रात याला प्रतिगमन म्हणतात.

आपल्या वर्गातही हे रोज घडतं. कमी मार्क पडलेल्या मुलाला रागावलो आणि पुढच्या वेळी त्याचे मार्क वाढले, की आपल्याला वाटतं रागावण्याचा उपयोग झाला. जास्त मार्क पडलेल्याचं कौतुक केलं आणि पुढच्या वेळी त्याचे कमी झाले, की वाटतं कौतुकाने डोक्यात हवा गेली. दोन्ही वेळा बहुतेक नुसतं सरासरीकडे परतणंच झालेलं असतं. यावर आपण शिक्षकांनी जरूर विचार करावा.

सायलीच्या सहा पेपरांची बेरीज ३०४२, सरासरी ५०७. वडिलांना सांगायचा आकडा ५०७ होता, ५३६ नव्हे. आणि एकटा ५०७ सुद्धा नव्हे.

४) सातव्या पेपराचा हिशोब

ही गोष्ट मला फार उपयोगी पडली. पालकसभेत फळ्यावर लिहून दाखवली की लगेच पटते.

समजा, मुलाने सहा सराव पेपर दिले. खरी परीक्षा म्हणजे सातवा पेपर. तयारी तशीच राहिली आणि सातही पेपर सारख्याच अवघडपणाचे असले, तर या सातांतला सर्वांत कमी मार्कांचा पेपर कुठला असेल? पहिला असू शकतो, तिसरा असू शकतो, सातवाही असू शकतो. सगळ्यांची शक्यता सारखीच. म्हणजे खरी परीक्षाच सर्वांत कमी मार्कांची ठरण्याची शक्यता ७ मध्ये १. तीच सर्वांत जास्त मार्कांची ठरण्याची शक्यताही ७ मध्ये १. उरलेल्या ७ मध्ये ५ वेळा निकाल आधीच्या सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त या दोन आकड्यांच्या मध्ये पडेल.

सात मुलांपैकी एका मुलाचा निकाल, काहीही न बिघडता, त्याच्या सगळ्या सराव पेपरांपेक्षा कमी लागू शकतो. सायलीचं बहुधा हेच झालं. ती घाबरली नव्हती, आजारी नव्हती, तिने अभ्यासही सोडला नव्हता. सातातली एक ती होती. हे मला मार्चमध्ये कळलं असतं, तर मी त्या वडिलांना म्हणाले असते, "फॉर्म भरून ठेवा."

५) काटाच चुकीचा असेल तर?

आतापर्यंत आपण धरून चाललो की सराव पेपर आणि खरा पेपर सारखे आहेत. प्रत्यक्षात पुष्कळदा ते नसतात. खालील गोष्टी तपासून बघा.

मार्क फुगवणाऱ्या गोष्टी :

• धडा संपल्या संपल्या घेतलेली टेस्ट. प्रकाशिकी शिकवून झाल्यावर लगेच त्याच धड्याचा पेपर दिला तर मार्क पडणारच. दोन महिन्यांनी तोच धडा ४५ प्रश्नांत मिसळून आला की कळतं. अंदाजासाठी फक्त पूर्ण अभ्यासक्रमाचे पेपर धरावेत.

• आधी पाहिलेले प्रश्न. जुने पेपर वर्गात सोडवून झालेले असतात. तेच पुन्हा टेस्ट म्हणून दिले तर ती आठवणीची परीक्षा होते. मी आता एक जुना पेपर मुद्दाम कुलपात ठेवते. वर्षभर त्याला हात लावत नाही. तो शेवटच्या महिन्यात.

• घरचं वातावरण. मध्येच पाणी प्यायला उठणं, दहा मिनिटं जास्त घेणं, "उत्तर येत होतं, फक्त चुकून दुसरा गोल भरला" म्हणून मार्क वाढवून घेणं. खऱ्या परीक्षेत यातलं काहीच चालत नाही.

मार्क घटवणाऱ्या गोष्टी :

• काही ठिकाणी मुलांनी हुरळून जाऊ नये म्हणून पेपर मुद्दाम अवघड काढतात. हेतू चांगला असला तरी त्या मार्कांवरून हातपाय गाळायचं कारण नाही.

• बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर दिलेले पेपर. प्रात्यक्षिकं, जर्नल, बोर्डाची उजळणी यात मूल दमलेलं असतं. बोर्ड संपल्यावर मिळणाऱ्या मोकळ्या आठवड्यांत पुष्कळ मुलं खरोखर वर येतात.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे परीक्षेचे नियम. आपल्याकडे एकच मूल दोन-दोन, तीन-तीन परीक्षा देतं आणि प्रत्येकीची चाल वेगळी. नीट कागदावर, ओएमआर शीट भरून, दुपारी २ ते ५. जेईई मेन संगणकावर, ७५ प्रश्न, ३०० मार्क, तिथेही चुकीला उणे मार्क. एमएचटी-सीईटी संगणकावर, पण तिथे उणे मार्क नाहीत. पीसीएम गटाला फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत आणि गणिताचे ५० प्रश्न ९० मिनिटांत. गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला २ मार्क. फिजिक्स-केमिस्ट्रीतला वाचलेला वेळ गणिताला वापरता येत नाही.

आता बघा, नीटच्या सवयीने जे मूल शंका आली की प्रश्न सोडून देतं, ते सीईटीतही सोडून देतं. तिथे सोडलेला प्रत्येक प्रश्न म्हणजे शुद्ध नुकसान. २० प्रश्न डोळे मिटून टिपले तरी चार पर्यायांत सरासरीने ५ बरोबर येतात. आणि नीटमध्ये डोळे मिटून ४० प्रश्न टिपले तर? सरासरीने १० मार्क वाढतात खरे, पण कधी ते २५ वाढतात, तर कधी उलट ५ कमी होतात. असे मार्क सराव पेपरात पडले की आपण त्यांना अभ्यासाचे मार्क समजतो. म्हणून मी मुलांना सांगते, सराव करताना तुक्का मारलेल्या प्रश्नाशेजारी प्रश्नपत्रिकेवर बारीक टिंब द्या. मार्क काढताना टिंबवाले प्रश्न वेगळे मोजा. मग कळतं, आपलं किती आणि दैवाचं किती.

सरावाची वेळही खऱ्या परीक्षेचीच असावी. सकाळी ताज्या डोक्याने नीटचा पेपर सोडवणं आणि मे महिन्याच्या उन्हात, सकाळी एसटीने निघून, दीड वाजता बंद होणाऱ्या फाटकातून आत जाऊन, दोन वाजता तो सोडवणं यात फरक आहे. निदान शेवटचे चार पेपर दुपारी २ ते ५ याच वेळेत, ओएमआर शीटवरच द्यावेत.

६) मार्क कळले, पण क्रमांक?

समजा, मार्कांचा अंदाज अगदी बरोबर आला. तरी प्रवेश मार्कांवर मिळत नाही, क्रमांकावर मिळतो. आणि तेच मार्क दरवर्षी वेगळा क्रमांक देतात.

नीटचंच बघा. २०२४ च्या पहिल्या निकालात ६७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० मार्क होते. सुधारित निकालात ते १७ राहिले. पुढच्याच वर्षी, २०२५ मध्ये, देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे मार्क ६८६ होते! खुल्या गटाची पात्रतेची रेषा ५० पर्सेंटाइलची असते. ती २०२३ मध्ये १३७ मार्कांवर होती, २०२४ च्या सुधारित निकालात १६२ वर आणि २०२५ मध्ये १४४ वर. मुलं बदलली म्हणून हे झालं नाही, मुख्यतः पेपर बदलला म्हणून झालं. ज्या पालकांनी २०२४ चा कटऑफ धरून २०२५ च्या मुलाचं भविष्य ठरवलं, त्यांनी मे महिन्यात उगाच रडारड केली. त्या वर्षी कमी मार्कांनाही चांगला क्रमांक मिळाला.

जेईई मेन आणि सीईटी अनेक शिफ्टमध्ये होतात. म्हणून तिथे पर्सेंटाइल देतात. तुमच्या शिफ्टमधल्या किती टक्के मुलांचे मार्क तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी आहेत, तो आकडा म्हणजे पर्सेंटाइल. ९० पर्सेंटाइल म्हणजे ९० टक्के मार्क नव्हेत, ही गोष्ट पालकसभेत दरवर्षी सांगावी लागते. समजा, १० लाख मुलं बसली. ९० पर्सेंटाइल म्हणजे पुढे १ लाख मुलं. ९८ म्हणजे पुढे २० हजार. ९९ म्हणजे १० हजार. वरच्या टोकाला एक-एक पर्सेंटाइल किती महाग आहे ते यावरून लक्षात येईल.

म्हणूनच मोबाईलवरच्या सराव परीक्षेत "तुमचा अंदाजे क्रमांक" म्हणून जे दिसतं, त्याकडे जरा थांबून बघा. त्या टेस्टला कोण बसलं होतं? काहींनी ती पुस्तक उघडं ठेवून दिलेली असते, काहींनी अर्ध्यात सोडलेली असते. ज्या गर्दीत क्रमांक काढला ती गर्दी आणि खऱ्या परीक्षेची गर्दी एक नसते. वर्गातल्या ३० मुलांत पहिला आलेला मुलगा राज्यात कुठे आहे, हे त्या ३० जणांवरून कळत नाही.

७) मग सराव परीक्षेचे मार्क वाचायचे कसे?

मी आता एक साधी वही ठेवते. पालकांनाही घरी अशीच ठेवायला सांगते. तिचे नियम असे :

(१) वहीत फक्त तेच पेपर लिहायचे, जे पूर्ण अभ्यासक्रमाचे, पहिल्यांदाच पाहिलेले आणि वेळ लावून एका बैठकीत दिलेले आहेत. बाकीचे सरावासाठी उत्तम, अंदाजासाठी नाहीत.

(२) असे शेवटचे सहा पेपर घ्यायचे. तीन आकडे लिहायचे : सर्वांत कमी, सरासरी, सर्वांत जास्त. सायलीच्या बाबतीत ४७८, ५०७, ५३६. कुणी विचारलं "किती पडतील?", तर तिन्ही आकडे सांगायचे. एकच आकडा सांगायचा नाही.

(३) प्रगती बघायची तर या पेपराची मागच्या पेपराशी तुलना करायची नाही. पहिल्या तीनांची सरासरी आणि नंतरच्या तीनांची सरासरी बघायची. सायलीची पहिल्या तीनांची सरासरी साधारण ५०९ आणि नंतरच्या तीनांची ५०५. म्हणजे तीन-चार महिने ती होती तिथेच होती. दर रविवारच्या चढउतारात हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. त्याच वेळी दिसलं असतं, तर अभ्यासाची पद्धत बदलायला हाताशी वेळ होता.

(४) प्रत्येक पेपरानंतर गेलेले मार्क चार खणांत विभागायचे : येतच नव्हतं, येत होतं पण चुकलं, वेळ पुरला नाही, तुक्का फसला. पहिल्या खणावर उपाय पुस्तक. दुसऱ्यावर उपाय सावकाश वाचणं आणि आकडेमोड तपासणं. तिसऱ्यावर उपाय प्रश्नांचा क्रम बदलणं. चौथ्यावर उपाय हात आवरणं. मुलाला "अभ्यास वाढव" एवढंच सांगितलं, तर या चारपैकी एकाच खणावर काम होतं.

खरं सांगायचं तर सराव परीक्षेचा मोठा उपयोग या चौथ्या नियमात आहे. ती निकाल सांगते त्यापेक्षा जास्त चांगलं हे सांगते की, उद्या सकाळी काय करायचं.

८) निर्णय कुठल्या आकड्यावर घ्यायचा?

पालकहो, हा मुद्दा खास तुमच्यासाठी.

स्वप्न सर्वांत मोठ्या आकड्याचं बघायला हरकत नाही. अभ्यासाचं नियोजन सरासरीवर करा. पण फॉर्म भरताना, पैशाची सोय करताना, दुसरा मार्ग उघडा ठेवताना सर्वांत लहान आकडा समोर धरा, आणि त्याच्याही थोडं खाली गेलं तर काय, हे एकदा मुलासोबत बसून बोला. फॉर्मची फी पैशात मोजता येते, गेलेलं वर्ष पैशात मोजता येत नाही.

पुष्कळांना भीती वाटते की दुसरा फॉर्म भरला तर मूल ढिलं पडेल. माझा अनुभव उलटा आहे. "हे नाही झालं तर काहीच नाही" अशा दडपणाखाली बसलेलं मूल सोप्या प्रश्नावरही अडखळतं. मागे एक दार उघडं आहे हे माहीत असलेलं मूल शांतपणे पेपर सोडवतं.

तसंच निकाल सरावापेक्षा कमी लागला तर लगेच "तू घाबरलास", "तू कमी पडलास" असं म्हणू नका. सातातलं एक मूल असं असणारच, हे गणित आहे. आणि एक वर्ष ड्रॉप घ्यायचं ठरवताना "सरावात ५३६ पडले होते" हा आधार धरू नका. सहा पेपरांची सरासरी काय होती आणि ती वर जात होती का, हे विचारा. सरासरी वर जात असेल तर आणखी एक वर्ष कामी येऊ शकतं. तीन-चार महिने एकाच जागी असेल, तर आधी पद्धत बदलावी लागेल, नुसतं वर्ष वाढवून भागणार नाही.

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, आपल्यासाठीही एक गोष्ट. आपल्या तोंडून निघालेलं "नक्की होणार" हे वाक्य घरी जाऊन ब्रह्मवाक्य होतं. आपण ते प्रोत्साहन म्हणून बोलतो, पालक ते हमी म्हणून ऐकतात. प्रोत्साहन मुलाला द्यावं, आकडे पालकांना द्यावेत.

थोडक्यात :

• सराव परीक्षा मुलांचा क्रम बऱ्यापैकी सांगते, नेमका आकडा सांगत नाही.
• एका पेपरावरून काहीच ठरवू नये. २५-३० मार्कांचा चढउतार अभ्यास तोच असतानाही होतो.
• सर्वांत जास्त मार्कांवर नव्हे, सहा पेपरांच्या सरासरीवर आणि पट्ट्यावर बोलावं.
• खऱ्या परीक्षेचे नियम, वेळ आणि पद्धत पाळून दिलेले पेपरच अंदाजाला धरावेत.
• मार्कांवरून क्रमांक काढताना यंदाचा पेपर कसा गेला ते बघावं, गेल्या वर्षीचा कटऑफ नव्हे.
• मोठे निर्णय पट्ट्याच्या खालच्या टोकावर तपासून घ्यावेत.

सायलीने पुढच्या वर्षी नीटही दिली आणि नर्सिंगची सीईटीही दिली. आज ती बीएस्सी नर्सिंगला आहे. मध्यंतरी कॉलेजात येऊन भेटून गेली. युनिफॉर्ममधला फोटो दाखवला, खुशीत होती. पण ते एक वर्ष तिचं होतं आणि ते माझ्या एका वाक्याने गेलं, हे मी विसरत नाही. म्हणून आता कुणी पालक विचारायला आले की मी वही उघडते, तिन्ही आकडे मोठ्याने वाचते, आणि मग आपण काय करायचं ते दोघं मिळून ठरवतो.

तुमच्या घरात किंवा वर्गात बारावीचं मूल असेल तर आज संध्याकाळी एक करा. त्याचे शेवटचे सहा पूर्ण पेपर शोधा आणि तीन आकडे कागदावर लिहा. बाकीचं बोलणं त्यानंतर.